धुराआधी पाणी शोधायला लावा
दर महिन्याला फॉगिंग (औषधाचा धूर) करूनही डास जात नाहीत अशी तक्रार असेल, तर ते होणारच हो, धूर फक्त उडणारे डास मारतो, अळ्यांना काही होत नाही आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला 7-10 दिवस पुरतात. पेस्ट कंट्रोलवाला आला की आधी साचलेलं पाणी शोधायला लावा. आमच्या कुंडीखालच्या ताटलीत बोटभर पाण्यात अळ्या वळवळत होत्या, टॉर्च मारला की झपकन तळाला! ताटली नुसती ओतू नका, घासाच, एडिसची (डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची) अंडी कडेला चिकटून कोरडी सुद्धा कित्येक महिने टिकतात. जे पाणी उपसता येत नाही तिथे बीटीआय (डासांच्या अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध) टाकून घ्या. आणि शेजारच्यांनाही सोबत घ्या प्लीज, त्यांच्या टाकीतले डास आपल्याकडेच येतात.