काळ्या मातीत कलिंगड-खरबूज: माती कशी करू, पाणी किती देऊ?

मोगरा_सोलापूर:
मंडळी, घरामागे दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा आहे, ऊन दिवसभर. माती काळी, चिकट. गेल्या उन्हाळ्यात कलिंगडाचे वेल छान पसरले, पण फळं नारळाएवढी झाली की तडकायची, आणि वाचली ती पाणचट. नळाला रोज पाणी येत नाही, आलं की पाइप लावून वाफा भरून घेते. यंदा खरबूजही लावायचंय. बी अजून टाकलेलं नाही. काय करू?

रोहेकर:
दोन बाय दोनचा खड्डा काढा, निम्मी वाळू, निम्मं शेणखत. नदीच्या पात्रात लोक उगाच नाही कलिंगड लावत.

गावठी_माळी:
रोहेकर, पात्रात खालीही वाळूच असते हो. काळ्या मातीत तोच खड्डा हौद होतो. पाणी वाळूतून झरझर उतरतं, तळाच्या चिकण मातीवर साचतं आणि मुळं सडतात.

मोगराताई, खड्डा नको, गादीवाफा करा. फूटभर उंच, अडीच-तीन फूट रुंद. माती वाफशावर असतानाच खणा: मूठभर माती दाबली की लाडू वळला पाहिजे आणि बोटाने टोचला की फुटला पाहिजे. बोटाला चिकटली तर दोन दिवस थांबा, नाहीतर ढेकळं होतील आणि ती वाळल्यावर कुदळीलाही दाद देणार नाहीत. तीन घमेली मातीला एक घमेलं शेणखत, पूर्ण कुजलेलं. ताज्या शेणातून हुमणी (मुळं कुरतडणारी अळी) येते. मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड. युरियाच्या वाटेला जाऊ नका, नुसता पाला माजतो.

तडकण्याचं कारण तुमच्याच प्रश्नात आहे. चार दिवस कोरड, मग एकदम वाफा भरून पाणी. कोरडीत साल निबर होते, नंतर गर भसकन फुगतो आणि साल फाटते. पाणी कमी पडलं म्हणून नव्हे, ओल एकसारखी राहिली नाही म्हणून.

मोगरा_सोलापूर:
पण दादा, नळच रोज येत नाही तर ओल एकसारखी ठेवायची कशी?

अंगणातली:
माठ पुरा! जुना, पाझरणारा, रंग न लावलेला. वाफ्यात गळ्यापर्यंत गाडायचा, तोंडावर झाकण (नाहीतर डास). पाणी आलं की भरून ठेवायचा. भोवतालची माती सुकेल तसं पाणी आपसूक झिरपतं, मुळं माठाला बिलगून वाढतात. बी माठापासून वीतभर अंतरावर टोका, आणि वेल चार-पाच पानांवर येईपर्यंत तांब्याने वेगळं पाणी द्या, कारण तोवर मुळं तिथे पोचत नाहीत. वर उसाच्या पाचटाचा जाड थर. तुमच्याकडे पाचटाला काय तोटा!

मोगरा_सोलापूर:
माठ तीन निघाले माळ्यावर. 😀 एका माठाला किती वेल? आणि पाणचटपणाचं काय?

गावठी_माळी:
माठामागे दोन वेल, वेलावर दोन-तीन फळं, बाकीची लिंबाएवढी असतानाच खुडा. कलिंगड आणि खरबुजाला वेगवेगळे माठ द्या, दोन्ही एकाच वेळी पिकतील असं नाही. फळ पूर्ण वाढलं की काढणीआधी आठ-दहा दिवस माठ अर्धाच भरा. गोडी तिथे येते. दुपारी पानं मलूल दिसली तर धावू नका, संध्याकाळी सावरतात. सकाळीच माना टाकलेल्या असतील तर मात्र पाणी द्या, तेही बुडाशी. पानं रोज भिजवाल तर रोगाला आवतण.

कलिंगडाच्या देठाजवळचा तणावा (वेलाचा गुंडाळलेला तंतू) वाळला आणि जमिनीला टेकलेली बाजू पिवळी पडली की काढा. खरबूज देठापाशी चिरतं, हलक्या हाताने सुटून येतं.

रोहेकर:
हौदाचं पटलं. फळांखाली मात्र पेंढा घाला हं, ओल्या मातीला टेकलेलं फळ खालून कुजतं. आणि रोपं दोन पानांवर असताना सकाळी लवकर पानांखाली बघा, लाल भुंगेरे तेव्हा सुस्त असतात, हाताने वेचता येतात.

मोगरा_सोलापूर:
उद्याच पाचट सांगून ठेवते. निंबोळी पेंड कुठे मिळेल, सोलापुरातलं कुणी आहे का इथे?