अनुभव धागा: घरात ऐकलेली १९३०-३२ ची मंदी

सायली_कसबा
परवा टीव्हीवर सोन्याचा भाव सांगत होते. आत्या (नव्वदीच्या पुढची) एकदम म्हणाली, "आमच्या आईची पाटली अठ्ठावीस रुपये तोळ्यानं गेली." आणि गप्प झाली. मग मला राहवेना. माळ्यावरची ट्रंक काढली, आजोबांची जमाखर्चाची वही सापडली. आजोबा पुण्यात सरकारी कचेरीत कारकून. डिसेंबर १९३१ च्या पानावर लिहिलंय: पगार ६०, कपात ६, हाती ५४. पुढच्याच महिन्यात: "सौ.ची पाटली १, तोळे २॥, दर २८, जमा ७०."

आत्या सांगते, आईच्या एकाच हातात पाटली असायची. "मला लहानपणी वाटायचं, पाटली एकाच हातात घालतात."

तुमच्या घरात त्या वर्षांबद्दल काय सांगायचे? कितीही छोटं असू दे, लिहा. आणि वहीत रुपयांच्या पुढे उभ्या-आडव्या रेघा आहेत, त्या कशा वाचायच्या? फक्त ॥ म्हणजे अर्धा एवढं कळलं.

दीडकी
उभी रेघ म्हणजे पावली, चार आणे. दोन उभ्या आठ आणे, तीन उभ्या बारा आणे. आडवी रेघ म्हणजे एक आणा. एक उभी आणि दोन आडव्या असतील तर सहा आणे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. माझी आई अजून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी घडाघडा म्हणते. शाळेत रोज संध्याकाळी म्हणून घ्यायचे. वहीचा फोटो टाक, मी वाचून देते.

वेंगुर्ल्याचो
आमच्याकडे मंदी हा शब्द कधीच नव्हता. आजी म्हणायची 'मनीऑर्डर बंद झाली ती वर्षां'. आजोबा परळला गिरणीत, बदली कामगार. आधी १९२८ चा सहा महिन्यांचा संप, त्यात जी उधारी झाली ती फिटायच्या आत पुन्हा कामाची बोंब. सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाहीतर परत खोलीवर. गाववाल्यांची खोली, एका खोलीत पंधरा-वीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी. जेवण खानावळवाल्या काकींकडे. त्या काकींनी आठ महिने उधार जेवू घातलं हे आजोबा मरेपर्यंत सांगत. शेवटी बोटीने गावी आले. आजी खळ्यात उभी राहून वाट बघायची, "पोस्टमन येता काय बघ गो." एक दिवस पोस्टमनच्या जागी आजोबाच आले, हातात वळकटी. आजीला आनंद झाला आणि पोटात गोळाही आला, असं तीच सांगायची. पैसे पाठवणारा माणूसच घरी आला ना.

शुभदा_क
वेंगुर्ल्याचो, शेवट वाचून डोळे भरले.

मीनल२२
दूध उतू गेलं वाचताना. पण एक विचारू का? त्या काळी धान्य निम्म्या भावात मिळत होतं असं आम्ही शिकलो. पगार कापला तो दहा टक्के. मग खरं तर नोकरदाराला सोपं जायला हवं होतं. पाटली का विकली?

पऱ्हाटी
मीनल, खेड्यातून बघा म्हणजे कळेल. आमचं घर यवतमाळकडचं, सगळी कापसाची जमीन. आजोबा सांगत, पणज्यानं गाडी भरून कापूस बाजारात नेला आणि ती गाडी तशीच परत आणली. त्या भावात वेचणीची मजुरीही निघत नव्हती. आल्यावर कापूस घरात भरला. एका खोलीत माणसं अन् बाकी घरात कापूस, पोरं त्याच्यावर झोपायची. पुढच्या वर्षी भाव सुधारेल म्हणून ठेवला, सुधारला नाही.

अन् शेतसारा मात्र रोख आणि पहिल्याइतकाच. म्हणजे पहिले एक मण विकून जो सारा भरायचा, तो भरायला आता दोन मण विकायचे. सावकाराचं व्याजही रुपयातच. आजीचं वाक्य होतं, "भाव पडला, पन सारा नाही पडला बाप्पा." आमची नदीकाठची शेती त्याच दोन वर्षांत गहाण पडली अन् मग गेलीच. अजून त्या वावराजवळून जाताना माझे बाबा बोलणं थांबवतात.

स्वस्ताई होती हे खरंच आहे. ज्याला महिन्याला बांधलेला पगार, त्याची स्वस्ताई. पिकवणाऱ्याची कुठची?

सायली_कसबा
पऱ्हाटी, तुमचं वाचून पुन्हा वही उघडली. पाटलीच्या नोंदीखाली तीन दिवसांनी आहे: "गावी दादास सारा भरण्यास मनीऑर्डर ६५." मी ती ओळ दहादा वाचली होती, दोन्हींचा संबंध लागलाच नव्हता. आजोबांचे थोरले भाऊ साताऱ्याकडे शेती करायचे. मीनल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर वहीतच होतं.

सराफकट्टा
सोन्याबद्दल थोडं. आमचा पिढीजात धंदा, म्हणून घरात यावर बरंच बोलणं व्हायचं. २१ सप्टेंबर १९३१ ला इंग्लंडने पौंडाचा सोन्याशी असलेला संबंध तोडला. आपला रुपया एक शिलिंग सहा पेन्सला पौंडाला बांधलेला, तो तसाच ठेवला. त्यामुळे सोन्याचा रुपयातला भाव वर गेला. आधी एकवीस-बावीस रुपये तोळा, तो काही महिन्यांत तिशीकडे सरकला. एकीकडे सारा, व्याज, घरखर्च भागत नाही आणि दुसरीकडे सोन्याला कधी नव्हे तो भाव, मग लोक डबे घेऊन आले. पणजोबा सांगत, सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर बायामाणसं बसलेली असत. पदराखाली पुरचुंडी. बोरमाळ, गोठ, पुतळ्या, लहान मुलांच्या बिंदल्या. मोड वितळवून मुंबईला जायची, तिथून बोटींनी बाहेर. पणजोबा एकदाच म्हणाले होते की बिंदल्या मुशीत टाकताना ते मान वळवायचे.

दीडकी
बिंदल्या... नको नको.

निळूफुले_माळी
पोस्टकार्ड महाग झालं ते पण तेव्हाच ना? आमच्याकडे पत्रांचा गठ्ठा आहे. १९३१ च्या डिसेंबरात दोन पैशांचं कार्ड तीन पैशांना झालं. तेव्हापासूनची कार्डं बघा, आधी आडवं लिहिलंय, मग समासात उभं, मग पत्त्याच्या बाजूला उरलेल्या जागेत "चि. बाळास खोकला, बाकी क्षेम." एका कार्डावर आजीने दोन सासुरवाशिणींचा मजकूर घेतलाय, शेजारणीचा निरोप सगळ्यात खाली. अक्षर मुंगीएवढं. मी भिंग घेऊन वाचते.

शुभदा_क
तिकडे हुलगे खूप खायचे का हो तेव्हा? माझी आजी हुलग्याचं माडगं म्हणायची, "बत्तिसातलं जेवण." कोणाला नीट कृती माहितीये का? आजीची कोणी लिहूनच घेतली नाही.

वेंगुर्ल्याचो
आमच्याकडे कुळथाची पिठी. तेच धान्य, तुमचा हुलगा आमचा कुळीथ. आठ महिने पेज आणि पिठी.

पेटीवाल्याची_नात
मी फक्त वाचणार होते, पण लिहिते. आजोबा मुंबईत मूकपटाच्या थिएटरात पेटी वाजवायचे. पडद्याच्या समोर खाली पेटी आणि तबला घेऊन बसायचं आणि वर चित्र बघत वाजवायचं. मारामारी आली की तबला जोरात, रडण्याचा प्रसंग आला की जोगिया. रोज तोच खेळ, तरी आजोबा म्हणायचे की दर खेळाला वेगळं वाजवायचो, लोक हसले की तिथे थोडं लांबवायचं.

१४ मार्च १९३१ ला गिरगावात मॅजेस्टिकला पहिला हिंदी बोलपट लागला. आजोबा रांगेत उभे राहून बघून आले. घरी येऊन आजीला म्हणाले, "छान आहे. पडदाच गातो आता." वर्षाच्या आत थिएटरातली पेटी बंद. नाटक कंपन्यांकडे गेले तर तिथे आहेत त्यांचेच पगार थकलेले. मग दोन वर्षं लग्नात, कीर्तनात, मिळेल तिथे वाजवलं, आणि पुढे एका वखारीत मोजणीदार झाले. लोक त्या साली बोलपट आला म्हणून आनंदाने सांगतात आणि तो आनंद खराच आहे, मलाही सिनेमा आवडतो. आमच्या घरात मात्र त्या साली पेटीवर जी खोळ चढली, ती माझ्या बाबांच्या मुंजीला निघाली.

मीनल२२
पेटी आहे का अजून?

पेटीवाल्याची_नात
आहे. भाता फाटलाय. दुरुस्त करणारे मिरजेला आहेत, दिवाळीनंतर नेणार.

सोलापुरी_चादर
आमच्याकडे १९३० म्हटलं की पैशापेक्षा मार्शल लॉ. मे महिन्यात लागला. पणजी सांगायची, घरातल्या सगळ्या गांधी टोप्या ज्वारीच्या कणगीत खोल पुरल्या होत्या. पुढच्या जानेवारीत, १९३१ ला, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्याला फाशी दिलं. त्या दिवशी आमच्या गल्लीत चूल पेटली नाही. मालकाने त्या दिवसाचा खाडा धरून पैसे कापले, तेही पणजी न विसरता सांगायची. किती आणे ते सुद्धा. मुलं शाळेतून न्यायची आहेत, बाकी रात्री लिहितो.

ओहायोकर
इथल्या शेजारच्या आजी ९६ वर्षांच्या, त्यांचं बालपण त्याच मंदीत गेलं. पिठाच्या कापडी पिशव्यांचे फ्रॉक शिवायची त्यांची आई. पुढे कंपन्या पिशव्यांवर फुलांची नक्षी छापायला लागल्या. अजून अॅल्युमिनियमच्या फॉईलचा कागद धुऊन घडी घालून ठेवतात. माझी आजी दुधाच्या पिशव्या तशाच धुऊन वाळत घालायची. त्यांना हे सांगितलं तर हात धरून हसल्या.

सायली_कसबा
सगळ्यांना मनापासून नमस्कार. दीडकी, फोटो टाकलेत, बघ. आणखी एक अडलंय. दर सोमवारी समासात बारीक अक्षरात "पान १" लिहिलंय. रक्कम नाही. विड्याचं पान असेल तर पैसे का नाहीत?

निळूफुले_माळी
पान म्हणजे जेवणाचं पान. वार लावलेला विद्यार्थी असणार तुमच्याकडे. गरीब मुलं पुण्यात शिकायला यायची आणि सात घरी सात वार जेवायची. सोमवार तुमच्या घरी. माझे आजोबा असेच शिकले. ते सांगायचे की मंदीच्या दिवसांत त्यांचे दोन वार सुटले, बुधवार आणि शनिवार. त्या दोन दिवशी माधुकरी मागायची, आणि नाही मिळाली तर भिजवलेले चणे. बुधवारच्या घरातल्या बाईंनी दारात उभं राहून, डोळे पुसत सांगितलं होतं, "बाळ, पुढच्या बुधवारपासून येऊ नकोस." आजोबांना त्यांचा राग कधी आला नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराचे पेढे त्यांनाच नेऊन दिले.

सायली_कसबा
आत्ता आत्याला फोन केला. म्हणाली, "हो, सोमवारी एक मुलगा यायचा असं आई सांगायची. कपात झाली तरी त्याचा वार काही सुटला नाही." मग थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "आई सोमवार करायची ना गं कडक. तो उपास तिनं त्याच वर्षी धरला."

वहीत बघितलं. "पान १" पुढे मार्च १९३५ पर्यंत आहे. एकही सोमवार गाळलेला नाही.

दीडकी
फोटो वाचले. घासलेट साडेतीन आणे, वाण्याचं बिल १४ रुपये ६ आणे. आणि जून १९३२ ला एक ओळ आहे बघ: "सोमवारचे मुलास छत्री, १ रुपया २ आणे." शाईचा डाग आहे म्हणून तुला दिसली नसेल.

शुभदा_क
सायली, या वहीला नीट कापडात गुंडाळून ठेव गं. ट्रंकेत कसर लागते.
माडग्याची कृती राहिलीच पण. हुलगे आधी भाजून घ्यायचे का?

पऱ्हाटी
भाजूनच. मंद आचेवर, मग जात्यावर भरडायचे. मिक्सर चालेल. उद्या आईला विचारून प्रमाण लिहितो, गूळ घालायचा का मीठ-लसूण यावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत.