नवऱ्याने ग्रुपवर परस्पर ‘हो’ सांगून टाकलं. आता काय?

दुपारचा_चहा
थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ४३, डोंबिवली, नोकरी. लग्नाला १७ वर्षं. सासर कुडाळजवळ. घरचा गणपती चार भावांत पाळीने असतो. मूर्ती मूळ घरातच बसते, पण खर्च आणि स्वयंपाक ज्याची पाळी त्याचा. यंदा पाळी मोठ्या दिरांची. त्यांच्या मुलाचं बारावीचं वर्ष, म्हणून ते दोनच दिवस येणार. ज्येष्ठ अधिक आल्याने गणपती लांबलेत, १४ सप्टेंबर. १३ जुलैच्या रात्री नवऱ्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं, “दादा, काळजी नको, यंदा आम्ही बघतो. सातही दिवस आहोत.”

मी त्या ग्रुपवर आहे. मला ते तिथेच कळलं. भांडी आवरून ओल्या हाताने फोन उचलला तर खाली जावांचे, नणंदेचे जोडलेले हात आणि फुलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रेल्वेचं आरक्षण उघडलं (हल्ली ६० दिवस आधी उघडतं), आणि आठ वाजून तीन मिनिटांनी नवरा बाथरूमच्या दाराबाहेरून ओरडला, “तुतारी मिळाली गं!” आनंदाने. मी साबण हातात घेऊन उभी.

‘आम्ही बघतो’ म्हणजे कोण बघतं ते सांगते. पहिल्या दिवशी उकडीचे मोदक. दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. बैलाचा विचार करणारा सण आहे आपला. रात्री अकराला भजनी मंडळ आलं की तीस माणसांची काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा. मग गौर.

माझी आठ दिवस रजा साठली होती. बेत काहीच नव्हता. वाईला आईकडे जाऊन झोपायचं. उठायचं, आईने केलेलं खायचं, परत झोपायचं. अडलंय इथेच. माझ्याकडे ‘कारण’ नाही.

नवरा वाईट नाही. व्यसन नाही, मुलीचा अभ्यास घेतो. (हे दरवेळी आधी का सांगावं लागतं, कोण जाणे.) भांडू, तिकीट रद्द करू की गप्प जाऊ?

कडू_कारलं
रद्द करा. फक्त तुमचं.

गावकार
ताई, राग मानू नका, पण सात दिवसांसाठी एवढं? आमच्या वाडीत अकरा घरं, त्यातली सहा वर्षभर कुलूपबंद. गणपतीला उघडतात. आमची आई ७६ वर्षांची. जून संपला की ओटीवर बसून मोजत असते कोण येणार, कोण नाही. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायला माणसं नाहीत. तिला टांगायची कवंडळं, कांगणं आणायला मी एकटाच रानात जातो, पूर्वी पाच भाऊ जायचो. तुमच्या मिस्टरांनी ‘आम्ही बघतो’ म्हटलं त्यामागे हे असणार. ‘आपण नाही म्हटलं तर घर बंद होईल’ ही भीती तुम्हां शहरातल्यांना नाही कळायची.

कडू_कारलं
गावकार, भीती त्याला वाटते ना? मग उसळ त्याने ढवळावी.

गावकार
मी ढवळतो. दरवर्षी. विचारा आमच्या घरात.

दुपारचा_चहा
गावकार, रागावले नाही. तुमच्या आईंचं वाचून सासूबाई डोळ्यासमोर आल्या. म्हणूनच नाही म्हणता येत नाही.

आजीचा_बटवा
वहिनी, सोपा उपाय सांगते. आईला मोतीबिंदू सांगा. ऑपरेशनची तारीख नेमकी त्याच आठवड्यात. विषय खल्लास. आमच्या पिढीने अशीच माहेरं केली. सासऱ्यांना कधी कळलं नाही, आणि आईचे डोळे अजून ठणठणीत आहेत.

उंबरठा
बटवा, हसू आलं, पण नको. एकदा आईचा डोळा वापरला की पुढच्या वर्षी गुडघा लागेल. शिवाय ‘मला झोपायचंय’ हे कारणच नव्हे, ते कुणाच्या तरी आजारपणात गुंडाळून द्यायचं, हे आपणच कबूल केल्यासारखं होतं. माझ्या नवऱ्याला मित्रांबरोबर हरिश्चंद्रगडावर जायला कारण लागत नाही. “जाऊन येतो” म्हणतो. मी एक दिवस बहिणीकडे राहिले तर चार जण विचारतात, “काही विशेष?”

आकडेमोड
केंद्र सरकारचं २०२४ चं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण बघा. घरच्या बिनपगारी कामात, ते करणाऱ्यांपैकी, बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं, पुरुषाची ८८. २०१९ मध्ये बाईची २९९ होती. पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली. नवऱ्यासमोर हे आकडे ठेवा.

उंबरठा
आकडे दाखवून कुणाचा नवरा उठून ओट्यापाशी गेलाय? माझा म्हणाला, “बघ, मी ८८ च्या वर आहे.” कपडे वाळत घालतो, ते धरून.

सरळ_रेषा
मी नवऱ्याच्या बाजूने बोलणार आहे, चपला तयार ठेवा.

१७ वर्षं लग्नाला. त्यातले किती गणपती केलेत? समजा १५. त्या पंधरा वेळा तुम्ही काय म्हणालात? मी सांगतो. “चालेल.” मग सोळाव्या वेळी त्याने न विचारता ‘चालेल’ धरलं तर तो हुकूमशहा कसा? माझी बायको “काही नाही” म्हणते. काय झालं? काही नाही. मग तीन दिवस ताट आपटतं. मी आता ताटाच्या आवाजावरून हवामान ओळखतो, पण अंदाज चुकतो. माणसाला कान दिलेत तर वाक्य द्या ना.

कडू_कारलं
विचारायचंच नाही आणि वर म्हणायचं वाक्य द्या. वा.

सरळ_रेषा
विचारायला हवं होतं. शंभर टक्के चूक. ग्रुपवर जाहीर करणं तर दुप्पट चूक, कारण आता माघार घेतली तर बायकोने अडवलं असं सगळे म्हणणार. पण त्या चुकीला दोघांनी खतपाणी घातलंय.

दुपारचा_चहा
सरळ_रेषा, लागलं. खरं म्हणजे “चालेल”सुद्धा नाही. मी “बघू” म्हणते. पण माझं तोंड बघितलं की कळतं.

सरळ_रेषा
तोंडाचं भाषांतर करायला दुभाष्या ठेवायचा का?

सिडनीकर
इथे आम्ही ‘नो’ म्हणायचे क्लास लावलेत थेरपिस्टकडे, तासाचे पैसे मोजून. नवऱ्याला न विचारता त्याची आई सहा महिन्यांसाठी आली, ते मला विमानतळावरून फोन आल्यावर कळलं. आता आमचा नियम आहे: दोघांचा वेळ, दोघांचा पैसा किंवा घरात मुक्कामाला माणूस, यातलं काही असेल तर कुणालाही ‘हो’ म्हणायच्या आधी एक रात्र थांबायचं. समोरच्याला सांगायचं, “उद्या कळवतो.” नवऱ्याला हे वाक्य शिकायला दोन वर्षं लागली. अजूनही आईच्या फोनवर विसरतो.

गावकार
भावाला ‘उद्या कळवतो’ म्हणायचं? आमच्यात याचा अर्थ ‘बायकोला विचारतो’ असा होतो.

सिडनीकर
अर्थ बरोबरच आहे की.

मधली_वेलांटी
मी जोडप्यांचं समुपदेशन करते, १४ वर्षं झाली. फुकटचा सल्ला देत नाही, पण इथे राहवलं नाही. माझ्याकडे आलेली जोडपी बहुतेक कशावरून तरी आलेली असतात: फ्लॅट, सासू, टॉवेल. तासाभराने टॉवेल बाजूला राहतो.

दुपारचा_चहा, एक करून बघा. तुम्हाला काय हवंय ते एका वाक्यात लिहा. ‘तू’ हा शब्द न वापरता, ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ न वापरता. नवऱ्याला पाठवू नका, इथे लिहा.

दुपारचा_चहा
१. मला न विचारता तू
(खोडलं)
२. मला सुट्टी हवी आहे, जी मला कधीच
(खोडलं)
३. मला या सप्टेंबरमध्ये चार दिवस आईकडे झोपायचं आहे आणि गावालाही यायचं आहे, पण स्वयंपाकघरात एकटीने नाही.

अरे. मला गावाला जायचंय? मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

आजीचा_बटवा
जायचं असतंच गं. फुगड्या सोडवत नाहीत.

कडू_कारलं
झालं. शेवटी बाईनेच वाक्य सुधारायचं. नवऱ्याला कुणी गृहपाठ दिला का?

मधली_वेलांटी
तो इथे आलेला नाही, ताई. जो आलाय त्याच्याशीच बोलता येतं. पण तुमचा मुद्दा मान्य. त्यानेही वाक्य लिहायला हवं. माझा अंदाज, त्यात ‘दादा’ येईल.

दुपारचा_चहा
येईलच. मोठ्या दिरांनी याला शिकवलं, कॉलेजची फी भरली. याला दादाला ‘नाही’ म्हणताच येत नाही. दादाने काही मागितलं की हा लहान होतो.

आणखी एक गोष्ट आहे. लिहू की नको असं झालंय.

पाळी हा शब्दच गमतीचा आहे. गणपतीची पाळी आपल्याकडे असली की दुसरी पाळी यायला नको. सोवळ्याचा स्वयंपाक, मोदक, गौर. मी गेली आठ वर्षं गोळ्या घेऊन पुढे ढकलते. स्टेशनजवळच्या केमिस्टकडून, कागदात गुंडाळून. गणपतीहून परत आलं की मग जे होतं ते चार दिवस विचारू नका. गेल्या वर्षी लोकलमध्ये डोळ्यासमोर अंधारी आली. मुलुंडला उतरून बाकावर बसले. ऑफिसात सांगितलं, गाडी लेट होती.

उंबरठा
डॉक्टरांना विचारून घेता का? आठ वर्षं?

दुपारचा_चहा
पहिल्या वर्षी विचारलं होतं.

उंबरठा
मग यंदा आधी डॉक्टर, नंतर गणपती. या वयात अशा गोळ्या केमिस्टच्या भरवशावर नकोत. रक्तदाब, गुठळ्यांचा त्रास, घरात कुणाला काय होतं, हे सगळं विचारून मग ठरवतात. वाद नको यावर.

गावकार
ताई, एक विचारू का? सासूबाई म्हणाल्या का गोळ्या घ्या म्हणून?

दुपारचा_चहा
नाही. कुणीच नाही. पहिल्या वर्षी मोठ्या जाऊबाईंनी पाकीट हातात दिलं. त्यांनाही त्यांच्या वेळी कुणीतरी दिलं असणार.

गावकार
आमच्या घरात कोण घेतं का, मला माहीत नाही. आज विचारतो.

सरळ_रेषा
हे तुमच्या नवऱ्याला माहीत आहे?

दुपारचा_चहा
नाही.

कडू_कारलं
एका बिछान्यात झोपतो आणि माहीत नाही. यात बाईची चूक काढून दाखवा आता.

सरळ_रेषा
काढत नाही. माझ्याही घरात काय काय माहीत नाही याचा विचार करतोय.

नवा_गडी
लग्नाला चार महिने झालेत. पहिला गणपती. हा धागा बायकोला दाखवू का नको?

आजीचा_बटवा
तू आधी मोदकाच्या कळ्या पाडायला शीक बाळा, मग दाखव.

दुपारचा_चहा
काल रात्री बोलले. जमेल तसं लिहिते.

मुलगी क्लासला गेली होती. मी तिसरं वाक्य पाठ केलं होतं, तरी सुरुवात “तू ना” अशीच झाली. तोही चढला. “दरवर्षी तर जातो, यात विचारायचं काय?” मग मी ग्रुप काढला, ‘आम्ही बघतो’ यातल्या ‘आम्ही’वर बोट ठेवलं आणि विचारलं, यात तू कुठे आहेस ते दाखव. बाजार, आरती, माटवी, भजन्यांची बैठक, असं त्याने मोजलं. कामं खरी आहेत, तो करतो. मी उसळ मोजली. दोघांनी बोटांवर मोजत मोजत एकमेकांची बोटं संपवली. तिथे जरा हसू आलं.

मग तो म्हणाला, “दादा एकटाच पडलाय गं, बोलत नाही कुणाला.” दिरांची नोकरी फेब्रुवारीत गेली. बारावीचं निमित्त होतं. यंदाचा खर्च त्यांना झेपणारच नव्हता. हे मला माहीत नव्हतं, आणि जाऊबाईंना हे मला माहीत झालेलं आवडणार नाही.

इतकं झाल्यावर मी गोळ्यांचं बोलले. मोठ्याने नाही. तो पाण्याची बाटली भरत होता.

“कुठल्या गोळ्या?” म्हणाला.

मी सांगितलं. मुलुंडचं बाकडंही सांगितलं. बाटली भरून वाहायला लागली तरी नळ चालू. मग त्याने विचारलं, “आईला माहीत आहे?” मला आधी राग आला, की याचा पहिला प्रश्न हा. मग कळलं, त्याला आईचा राग आला होता.

ठरलं काहीच नाही. तिकिटं तशीच आहेत. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, तो येणार म्हणतोय. स्वयंपाकाला गावातल्या एका काकी मिळतात, पैसे देऊन. त्यावर सासूबाई काय म्हणतील ते मी आत्ताच ऐकू शकते. वाईबद्दल तो म्हणाला, “जा ना, मी कधी अडवलं?” आणि आम्ही पुन्हा पाच मिनिटं भांडलो.

आत्ता जेवून झालंय, तो बाल्कनीत आहे. घरच्या ग्रुपवर त्याचं ‘टायपिंग’ दिसतंय. थांबतं, परत सुरू होतं. दहा मिनिटं झाली.

गावकार
लिहू दे त्याला. तुम्ही बाल्कनीत जाऊ नका.