अभिषेकीबुवा, मंगेशी आणि सुरुवातीच्या चाली : तुमचे अनुभव सांगा

गायक-संगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकी १९२९ साली गोव्यातल्या मंगेशीत जन्मले. पुढे गाण्यासाठी गोवा सुटला, पण त्यांच्या पहिल्या नाट्यचालींत मला आपली देवळं ऐकू येतात. तुम्हांला काय जाणवतं? मोकळेपणी लिहा.

मंगेशीहून : आमचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. बुवांचे वडील कीर्तनकार. घराण्याचं मूळ आडनाव नवाथे, देवावर अभिषेक करणारे म्हणून अभिषेकी. कीर्तनात शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचावाच लागतो. बुवांच्या चालीत शब्द कधी चेंगरत नाही, तो संस्कार इथलाच, असं मला ठामपणे वाटतं.

डिचोलीहून : गावच्या उत्सवात बुवांच्या संगीताचं 'मत्स्यगंधा' नाटक केलं तेव्हा पेटीला मी होतो. जुन्या संगीत नाटकांत पद रंगलं की वन्समोअरवर वन्समोअर, कथानक बसून राही. बुवांनी पदं आटोपशीर केली. 'गर्द सभोवती रान साजणी' म्हणताना आमची नायिका आलाप लांबवू लागली, की मी भाता आवरून मुखड्याचे, म्हणजे पदाच्या पहिल्या ओळीचे, सूर धरायचो आणि तबलजी लगेच समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, तयारी करायचा. चालच तशी बांधलीय, उगाच रेंगाळलं की प्रसंग निसटतो. 'गुंतता हृदय हे' ला मात्र पहाटे तीनलाही मंडपातलं कोणी उठलं नाही. साथ करताना माझ्या अंगावर काटा आला होता.

फोंड्याहून : जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खाँ ही गुरूंची नावं सगळे घेतात. गोव्यात बुवांना आधी शिकवलं ते गिरिजाबाई केळेकरांनी. हे नाव दर वेळी घेतलं गेलंच पाहिजे!

मडगावहून : आमच्याकडे आजोबा रेडिओवर मुंबई केंद्र लावायचे. बुवा तिथे कोंकणी विभागात होते, कार्यक्रमांसाठी चाली बांधायचे. इथे तेव्हा पोर्तुगीज राज्य. १९६१ ला मुक्ती झाली आणि १९६४ ला गोवा हिंदू असोसिएशनने 'मत्स्यगंधा' आणलं. नाटक आणि पदं वसंत कानेटकरांची, पण संगीत बुवांचं, गायला रामदास कामत आणि आशालता. तिघेही गोव्याचे! आजोबांना त्याचा केवढा अभिमान. तीनच वर्षांनी बुवांच्याच संगीताचं 'कट्यार काळजात घुसली' आलं.

मंगेशीहून, पुन्हा : बाहेरून येणाऱ्यांनी सोमवारी संध्याकाळी यावं. आरतीआधी पालखी निघते, वाद्यं वाजतात. रविवारच्या गर्दीत त्यातलं काहीच ऐकायला मिळत नाही.