मदत हवी आहे: फॅन आर्टवर स्पष्ट मत आणि अॅनिमेशनबद्दल सल्ला

नमस्कार मंडळी. मी बारावीत आहे, सांगलीजवळ राहते. जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे' (२००१) या अॅनिमेशनपटातल्या चिहिरो या मुलीची मी काढलेली चित्रं (म्हणजे फॅन आर्ट) सोबत टाकली आहेत. तिचा तो अरुंद, उभ्या जिन्यावरचा प्रसंग मला फार आवडतो. आधी बसून एकेक पायरी उतरते आणि मग एकदम धावत सुटते! तेच पेन्सिलने काढलंय, पण स्वतःच्या मनाने, वरच्या कोनातून.

चेहरा जमलाय असं वाटतं. शंका आहे ती वजनाची. धावताना कंबर पुढे झुकलीये, पण पुढच्या पायावर भार आल्यासारखा दिसत नाही. सावली कमी पडतेय की पाठीचा बाकच चुकलाय? जाणकारांनी चित्रावर सरळ लाल रेघा मारून दाखवलं तरी चालेल, उलट तेच हवंय.

हीच धाव हलती करायला घेतली आहे. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरायचं म्हणजे १२ चित्रं. वही भराभर संपते, पण पानं फडफडवताना ती खरंच पळते तेव्हा जेवायचंही सुचत नाही.

घरचे विरोधात नाहीत, फक्त पोटापाण्याची काळजी आहे. अहमदाबादच्या एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) प्रवेश परीक्षा द्यायची, की आयआयटीच्या डिझाइनसाठी यूसीड ही परीक्षा? की आधी बीएफए (ललित कलेची पदवी) करावं? या क्षेत्रातल्या ताई-दादांनो, पोर्टफोलिओत (दाखवायच्या निवडक कामाच्या संग्रहात) फॅन आर्ट किती ठेवावं, आणि एसटी स्टँडवर बसून काढलेली माणसांची झटपट स्केचेस जास्त उपयोगी पडतील का?