अधीक्षकाची खुर्ची मिळाली की डॉक्टर संपतो का?

भूलतज्ज्ञ: आमचे एक सीनियर, हात एकदम सफाईदार, ग्रामीण रुग्णालयाचे अधीक्षक झाले आणि ऑपरेशन करणं जवळपास बंदच पडलं. ३० खाटांचं हॉस्पिटल, ऐन ओपीडीच्या वेळेला व्हीसी (वरिष्ठांची व्हिडिओ मीटिंग), मग बिलं, बायोमेट्रिक, अधिवेशन आलं की आमदारांच्या तारांकित प्रश्नांची उत्तरं. आत सिझर चाललंय आणि सर्जन बाहेर सफाईवाल्यांच्या पगाराची फाइल बघतोय. एमएस करून सह्याच करायच्या? ही कामं मॅनेजमेंट शिकलेल्यांना द्या ना.

सिस्टर_नाइट: सर, नाही पटलं. मी एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, काम केलंय. भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय आठवा, ९ जानेवारी २०२१, आगीत १० बाळं गेली. वायरिंग, फायर ऑडिट, रात्री किती सिस्टर, ह्या सगळ्या फायलीच असतात. बाराशे ग्रॅमचं बाळ ज्याने हातात घेतलंय त्यानेच त्या बघाव्यात. नुसता मॅनेजर म्हणेल एका सिस्टरमागे आठ बाळं चालतील, कागदावर चालतातही.

भूलतज्ज्ञ: भंडाऱ्यात निलंबित कोण झालं? सिव्हिल सर्जन, म्हणजे जिल्हा रुग्णालयाचा प्रमुख डॉक्टरच. नांदेडच्या सरकारी रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ मध्ये २४ तासांत २४ मृत्यू झाले तर खासदारांनी तिथल्या प्रमुख डॉक्टरांना, डीनना, संडास साफ करायला लावला. आणि औषधखरेदी तर २०१७ मध्येच हाफकिन या सरकारी कंपनीकडे दिली होती! अधिकार नाहीत आणि शिव्या खायला मात्र डॉक्टर.

वाईकर: अहो मग तुमचं भांडण खुर्चीशी नाही, तिला अधिकार नाहीत ह्याच्याशी आहे. मॅनेजर बसवला म्हणून त्याला काय जास्त अधिकार मिळणार आहेत?

डॉ_माई: मी सध्या त्याच खुर्चीत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेची गरोदर बायकांची तपासणी मी स्वतः करते, मीटिंग असो नसो. मागे एकीचा बीपी १६०/११०, बीपी उतरवायचं लॅबेटालॉल मागवलं तर नाही, रजिस्टरला शिल्लक आणि कपाटात बघते तर सगळं एक्स्पायर झालेलं. रुग्ण कल्याण समितीच्या (हॉस्पिटलच्या स्थानिक समितीच्या) पैशातून त्याच दुपारी लोकल खरेदी केली. केबिनमध्ये बसून सही करत राहिले असते तर हे कळलं असतं का? मी दोन्हीकडे डॉक्टरच असते, ओपीडीत पण आणि त्या खरेदीच्या कागदावर पण.

भूलतज्ज्ञ: मॅडम, तुम्ही करता, पण तुमच्यानंतर येणारा करेलच असं काही आहे का? ऑर्डरमध्येच लिहा की अधीक्षकाने आठवड्यातून दोन दिवस पेशंट तपासायचेच.

डॉ_माई: लिहा की, माझी ना नाही. फक्त त्या दोन दिवशी ओपीडीच्या वेळेत व्हीसी लावायची नाही, हेही त्याच ऑर्डरमध्ये येऊ दे.