विषय: पैठणच्या कॅसेटी सर्व्हरवर चढवताना मोठ्या फाइली बसतील का?

प्रेषक: चित्रफीत समिती

नमस्कार मंडळी,

पैठणच्या नाथषष्ठीतल्या कीर्तन-भारुडांच्या जुन्या मिनीडीव्ही कॅसेटी तिकडे कॉम्प्युटरवर उतरवणं सुरू आहे. तासाभराची फाइल साधारण १३ जीबीची होते. पैठणहून ती पेन ड्राइव्हवर छत्रपती संभाजीनगरला येते आणि तिथून मंडळाच्या लिनक्स सर्व्हरवर चढते. पहिलीच फाइल विसाव्या मिनिटाला तुटलेली आली. पैठणच्या कॉम्प्युटरवर तीच फाइल शेवटपर्यंत चालते. सर्व्हरवर जागा भरपूर दिसते. मग त्याची फाइलसिस्टिमच (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) एवढ्या मोठ्या फाइली घेत नसेल का? कसं तपासायचं?

---

प्रेषक: तंत्र समिती

ताई, नमस्कार.

सर्व्हरला हात लावण्याआधी तुटलेल्या फाइलचा आकार बाइटमध्ये बघा: एलएस -एल. (आदेश इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर रोमन अक्षरांतच टाका.) फाइल कुठे तुटली, त्या आकड्यावरून दोष कुठला ते बहुतेक वेळा कळतं.

४२९४९६७२९५ असेल तर वाटेत कुठेतरी फॅट३२ ही जुनी फाइलसिस्टिम आहे. तिथे फाइलचा आकार ३२ बिटांत लिहिला जातो, म्हणून ४ जीबीला एक बाइट कमी ही तिची हद्द. डीव्ही, म्हणजे या कॅसेटींवरचा व्हिडिओ, सेकंदाला साधारण ३.६ एमबी खाते, त्या हिशेबाने ही हद्द विसाव्या मिनिटालाच येते, त्यामुळे माझा पहिला संशय पेन ड्राइव्हवर आहे. विंडोज अशी कॉपी सुरू होण्याआधीच नाकारतं. लिनक्सचं सीपी (कॉपीचा आदेश) मात्र हद्दीपर्यंत लिहितं, मग चूक दाखवतं आणि अर्धी फाइल तशीच मागे ठेवतं.

२१४७४८३६४७ असेल तर कॉपी करणारा प्रोग्राम जुना ३२ बिटांचा आहे, किंवा एनएफएसची (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनचं फोल्डर वापरायची पद्धत) दुसरी आवृत्ती वापरात आहे.

आता सर्व्हर. फाइली ज्या फोल्डरात ठेवायच्या, नेमकं तेच तपासा. मूळ डिस्क एका प्रकारची आणि डेटाची दुसऱ्या प्रकारची असं सर्रास असतं.

फाइंडमाउंट -टी /डेटा (टी कॅपिटल; /डेटाच्या जागी तुमचं फोल्डर. यातून तिथली फाइलसिस्टिम कळते.)

फाइलसिस्टिम ईएक्सटी४ आणि ब्लॉक (डिस्कवरची जागा वाटायचा सर्वांत लहान तुकडा) ४ केबी असेल तर एक फाइल १६ टीबीपर्यंत जाते. एक्सएफएस असेल तर हद्दीची काळजीच नको. ईएक्सटी३ निघाली तर मात्र ब्लॉकचा आकार बघाच (ट्यून२एफएस -एल, पुढे डिस्कचं नाव, रूट म्हणजे प्रशासक युजर म्हणून). ४ केबीला हद्द २ टीबी, पण १ केबीला फक्त १६ जीबी. तासाची कॅसेट त्यात बसेल आणि एलपी मोडवर (टेप हळू फिरवून जास्त वेळ) भरलेली दीड तासाची, म्हणजे १९.५ जीबीची, तुटेल. त्याच यादीत 'लार्ज_फाइल' दिसलं नाही तर घाबरू नका; २ जीबीपुढची पहिली फाइल लिहिली जाते तेव्हा कर्नल (लिनक्सचा गाभा) ते स्वतःच लावून घेतं.

फाइलचा आकार किती बिटांत मावतो ते गेटकॉन्फ फाइलसाइझबिट्स /डेटा (मधला शब्द कॅपिटल अक्षरांत) असंही विचारता येतं. ६४ आलं तर चांगलं, पण त्यावर विसंबू नका. १ केबी ब्लॉकची ईएक्सटी३सुद्धा ६४च सांगते. खरी परीक्षा ही:

ट्रंकेट -एस २०जी /डेटा/चाचणी

ही फाइल पोकळ असते, डियू (जागा मोजणारा आदेश) तिची जागा शून्याच्या आसपास दाखवेल. म्हणजे यातून हद्द कळते, रिकामी जागा नाही. ज्या युजरच्या नावाने फाइली चढतात त्याच युजरने हे करा, कारण युलिमिट -एफ ही फाइलच्या आकाराची मर्यादा प्रत्येकाला वेगळी असू शकते. तिचं उत्तर 'अनलिमिटेड' यायला हवं. काम झालं की चाचणी फाइल पुसा.

---

प्रेषक: चित्रफीत समिती

तुटलेली फाइल नेमकी ४२९४९६७२९५ बाइटची आहे. सर्व्हरवर ईएक्सटी४, ब्लॉक ४०९६, २० जीबीची चाचणी पास, युलिमिट अनलिमिटेड. पेन ड्राइव्हवर एलएसबीएलके -एफ 'व्हीफॅट' दाखवतं.

---

प्रेषक: तंत्र समिती

म्हणजे सर्व्हर ठीक आहे. व्हीफॅट हे लिनक्समधलं फॅटचं नाव, दोष पेन ड्राइव्हचाच. पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये (तिला ४ जीबीची हद्द नाही) फॉरमॅट करा. आतलं सगळं पुसलं जाईल, आधी काढून घ्या. लिनक्स कर्नल ५.७ पासून एक्सफॅट आतच आहे, त्याहून जुन्या मशीनवर वेगळं पॅकेज लागेल. फॉरमॅट करायचाच नसेल तर स्प्लिट -बी ३९००एम ने तुकडे करा. तासाच्या कॅसेटचे चार होतील. सर्व्हरवर कॅटने क्रमाने जोडा.

संभाजीनगरहून चढवताना वेब फॉर्म वापरू नका. पीएचपीची (असे फॉर्म चालवणारी भाषा) मूळ मर्यादा २ एमबीची आहे, ती कितीही वाढवली तरी लाइट गेली की पहिल्यापासून सुरुवात. आरसिंक (फाइली पाठवायचा प्रोग्राम) वापरा, सोबत --पार्शल आणि --अपेंड-व्हेरिफाय, म्हणजे तुटलं तिथून पुढे चालू होतं आणि शेवटी अख्खी फाइल ताडून पाहिली जाते.

पैठणला प्रत्येक फाइलचा एसएचए२५६सम (फाइलमधल्या सगळ्या बाइटांवरून निघणारा ठसा) काढून तो मजकूर फाइलसोबत पाठवायला सांगा, सर्व्हरवर पुन्हा काढून जुळवा. फाइल चालू होते म्हणजे पूर्ण आली असं नाही. तुटलेल्या डीव्हीची पहिली वीस मिनिटं अगदी नीट चालतात. सम जुळेपर्यंत पैठणच्या कॉम्प्युटरवरची फाइल कुणी पुसू नये, आणि कॅसेटवर दुसरं काही भरू नये.